कंपनीचं कार्ड आणि लांबलेला राजीनामा

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ५४, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात २१ वर्षं नोकरी करतोय. गेल्या महिन्यात लेस्टरहून माझा मेव्हणा आला होता. जेवताना त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला. तिकडे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, चौदा महिने थांबावं लागलं, पण ऑपरेशनला एक पेनीही लागली नाही, असं तो म्हणाला. आमचे एक मित्र जेवायला होते, ते लगेच म्हणाले, "हे सोशलाइज्ड मेडिसिन झालं. दुसऱ्याच्या पैशावर औषधपाणी. आपण इथे कमावून घेतो." मीही मान डोलावली. मेव्हण्याने शांतपणे विचारलं, "मग ताईच्या इंजेक्शनचे पैसे कोण भरतं, भाऊजी?" पत्नीला आठ वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे. दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं. त्याची छापील किंमत महिन्याला काही हजार डॉलर, आम्ही साठ भरतो. मला उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून चैन नाही. कंपनीचा विमा आणि सोशलाइज्ड मेडिसिन यांत खरंच फरक आहे का? जाता जाता : स्वतःचं कन्सल्टिंग सुरू करावं असं चार वर्षं मनात आहे. पण कंपनीच्या विम्याचं हे कार्ड सोडवत नाही.

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही मध्येच विचारून टाकलाय, आणि दुखणं मात्र शेवटी "जाता जाता" म्हणून लिहिलंय. मी दोन्हींबद्दल लिहिते, कारण पहिली गाठ सुटली की दुसरी पुष्कळ सैल होते.

आधी तुमच्या मेव्हण्याच्या प्रश्नाचं उत्तर. वहिनींच्या इंजेक्शनचे पैसे तुमचे सहकारी भरतात. ज्यांना तुम्ही कधी भेटलाही नाहीत, असे तुमच्याच कंपनीतले लोक.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका मध्यम आकाराच्या कंपनीत, बेनिफिट्स विभागात मी सतरा वर्षं काम केलं. दरवर्षी सप्टेंबरात पुढच्या वर्षाचा हप्ता ठरवायची बैठक असायची. विम्याचा ब्रोकर कागदांची चळत घेऊन यायचा, त्यात एक पान मोठ्या क्लेमचं. नावं नसायची, फक्त आकडे. एका वर्षी त्या पानावर पहिल्याच ओळीत नऊ लाख डॉलरच्या वरचा आकडा होता. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ही पॅकिंग विभागातल्या एका मुलीची अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालेली जुळी आहेत. कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांचा हप्ता वाढला, मॅनेजरचा आणि रखवालदाराचाही. त्या जुळ्यांच्या आईचा हप्ता इतरांपेक्षा एका डॉलरनेही जास्त वाढला नाही. तसा वाढवताच येत नाही. एकाच गटातल्या माणसाकडून त्याच्या आजारपणामुळे जास्त हप्ता घ्यायला १९९६ च्या हिपा कायद्याने बंदी आहे.

धडधाकट माणसाने आजाऱ्याचा भार उचलायचा, तरुणाने म्हाताऱ्याचा, आणि कुणाच्या वाट्याला काय येईल हे आधी कुणालाच माहीत नसायचं. याला आपण वर्गणी म्हणतो. एनएचएसमध्येही हेच चालतं, फक्त वर्गणीदार अख्खा देश असतो. तिथे ही वर्गणी कर म्हणून कापली जाते, इथे पगाराच्या चिठ्ठीवर "मेडिकल" म्हणून.

आता "आपण कमावून घेतो" याबद्दल. तुमचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कराचा फॉर्म, काढा. चौकट क्रमांक १२ मध्ये डीडी या अक्षरांपुढे एक आकडा असतो. बहुतेक लोक तो बघतच नाहीत, कारण त्यावर कर नसतो. तुमच्या विम्याची वर्षभराची पूर्ण किंमत ती आहे, तुमचा आणि कंपनीचा वाटा मिळून. केएफएफ या आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत कुटुंबाच्या विम्याची सरासरी किंमत २५,५७२ डॉलर होती, आणि त्यातले नोकरदाराने स्वतः भरलेले ६,२९६. उरलेले एकोणीस हजार कंपनी भरते. ती ते दानधर्म म्हणून भरत नाही. तुमच्या मेहनतीच्या मोबदल्याचाच तो भाग आहे, फक्त पगार म्हणून हातात न येता विमा म्हणून येतो. इथपर्यंत तुमचे मित्र बरोबर आहेत, तो तुम्ही कमावलेलाच पैसा आहे.

पण तो पगार म्हणून मिळाला असता तर त्यावर कर लागला असता. विमा म्हणून मिळतो, म्हणून लागत नाही. तुम्ही आयकराच्या २२ टक्क्यांच्या पट्ट्यात आहात असं धरलं आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरसाठी पगारातून कापले जाणारे ७.६५ टक्के मिळवले, तर त्या एकोणीस हजारांवर वर्षाला साडेपाच हजारांच्या वर कर वाचतो. ती रक्कम सरकारच्या तिजोरीने सोडून दिलेली असते. ज्याचा पगार मोठा आणि विमा भारी, त्याला ही सूट जास्त. ओक ट्री रोडवर ज्या मुलाच्या हातचा डोसा तुम्ही खाता, त्याचा मालक विमा देत नसेल तर या वाटेने त्याला छदामही मिळत नाही. मला हे मनापासून खुपतं. सरकारी मदत नको म्हणणाऱ्या माझ्या कितीतरी परिचितांना आपण ती दर पंधरवड्याला घेतो याची कल्पनाच नाही. त्यांचा दोष नाही, ही मदत चेकवर दिसतच नाही.

मग फरक काय? फरक आहे, आणि मोठा आहे. त्यासाठी शब्द थोडे नेमके वापरू.

सोशलाइज्ड मेडिसिन काटेकोर अर्थाने म्हणजे रुग्णालय सरकारचं, डॉक्टर सरकारी पगारावर, खर्च करातून. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला अन्यूरिन बेव्हन यांनी एनएचएस सुरू केली, ती बरीचशी अशी आहे. (तिथेही गल्लीतला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बहुधा सरकारचा नोकर नसतो, करारावर काम करतो.) अमेरिकेतही अशी एक व्यवस्था आहे, माजी सैनिकांची व्हीए रुग्णालयं, आणि ती बंद करा असं म्हणणारा माणूस तुम्हाला सहजी भेटणार नाही. कॅनडात डॉक्टर बहुतेक खासगी, पैसे देणारं सरकार. आणि जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कने आजारपणाच्या विम्याचा कायदा केला : कामगार आणि मालक दोघांनी मिळून निधीत पैसे भरायचे, आणि कामगार आजारी पडला की निधीने खर्च करायचा. तुमच्या खिशातलं कार्ड नात्याने एनएचएसपेक्षा या जर्मन पद्धतीला जवळचं आहे. एक गोष्ट मात्र अमेरिकेने उचलली नाही. जर्मनीत नोकरी गेली तरी निधीचं सभासदत्व जात नाही, बेकारीच्या काळात हप्ता सरकारी रोजगार खात्याकडून भरला जातो. इथे मात्र नोकरी गेली की कार्डही गेलं.

आणि हे कुणी विचारपूर्वक आखलेलं नाही. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने शाळामास्तरांसाठी एक योजना काढली : महिन्याला ५० सेंट भरा, वर्षात २१ दिवस रुग्णालयात फुकट राहा. पुढे ब्लू क्रॉस हा आरोग्यविमा झाला तो याच रोपट्यातून. मग युद्ध आलं. १९४२ मध्ये सरकारने पगार गोठवले, पण विम्यासारख्या सवलती त्या बंधनाबाहेर ठेवल्या. जहाजांच्या आणि विमानांच्या कारखान्यांना माणसं मिळत नव्हती आणि पगार वाढवता येत नव्हता, तेव्हा मालकांनी विमा पुढे केला. १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. मधल्या काळात, नोव्हेंबर १९४५ मध्ये, ट्रुमन यांनी सगळ्या देशासाठी आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, त्याच्यावर "सोशलाइज्ड मेडिसिन" हाच शिक्का मारून तो पाडायला मोहीम उघडली. १९६१ मध्ये म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याविरुद्ध याच संघटनेसाठी रोनाल्ड रेगन यांनी भाषणाची तबकडी रेकॉर्ड केली, आणि डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवत. तरीही ३० जुलै १९६५ ला त्या विम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, कायद्यावर सही झाली. आज तुमच्या त्या मित्रांना विचारा, ६५ व्या वर्षी मेडिकेअर घेणार की नाही. नक्की घेतील, आणि घ्यावंच. म्हणजे जेवणाच्या टेबलावर त्यांनी उच्चारला तो शब्द वर्णनाचा नाही, भीती घालायला वापरलेला शब्द आहे, आणि तो वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की आपण त्याचा अर्थ विचारायचं विसरलो.

मेव्हण्याचे चौदा महिनेही मी हलके मानत नाही. दुखऱ्या गुडघ्याने चौदा महिने जिने चढणं काय असतं हे ज्याचं त्याला माहीत. इथली रांग वेगळी असते. प्रायर ऑथरायझेशनसाठी, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ परवानगी काढायला, वहिनींनी फोनवर किती तास काढले असतील, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण आठ वर्षांत निदान एकदा तरी विमा कंपनीने इंजेक्शन अडवलं असणारच.

माझं मत कुठून आलंय तेही सांगते, म्हणजे तुम्हाला ते तोलून घेता येईल. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. घरात कामगार विम्याचं कार्ड होतं. त्यांच्या पगारातून थोडे पैसे कापले जात, मालक त्याहून जास्त भरत असे. आईचा दमा विम्याच्या दवाखान्यातच बघितला जायचा. ते कार्ड आई रेशनकार्डाच्या पिशवीत, मेणकागदात गुंडाळून ठेवायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पगार नाही म्हणजे वर्गणी नाही, आणि वर्गणी थांबल्यावर काही काळाने कार्डाची मुदत सरली. त्याच पावसाळ्यात आईला दम्याचा मोठा अटॅक आला. वडील तिला रात्री केईएमला घेऊन गेले. तिथे कार्ड कुणी विचारलं नाही. नाव, वय, पत्ता विचारला, केसपेपर काढला आणि आईला ऑक्सिजन लावला. सगळ्या कॉट भरलेल्या होत्या, तीन दिवस ती जमिनीवरच्या गादीवर होती. चौदा वर्षांची मी तिच्या उशाशी बसून होते. गादी जमिनीवर होती याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही. वडील मात्र बाहेरच्या पायरीवर बसून ते मुदत संपलेलं कार्ड पुन्हा पुन्हा बघत होते, आपल्याकडूनच काही चुकल्यासारखे.

म्हणून "सरकारी की खासगी" हा माझ्यासाठी पहिला प्रश्न नाही. नोकरी सुटली तरी आजारी माणसाची सोय होते की नाही, हे मी आधी बघते. त्या कसोटीवर मेव्हण्याची व्यवस्था तुमच्यापेक्षा उजवी आहे, चौदा महिने धरूनही. आणि त्याच कसोटीमुळे तुम्ही चार वर्षं कन्सल्टिंग पुढे ढकलताय. याला इथे "जॉब लॉक" म्हणतात. यात भित्रेपणा काही नाही. बायकोच्या बोटांचे सांधे रोज सकाळी कसे दुखतात हे जो बघतो, तो असंच वागतो.

पण ही भीती किती खरी आहे, हे आता कागदावर उतरवा. २०१० च्या ओबामाकेअर कायद्यामुळे २०१४ पासून कुठलीही विमा कंपनी आधीच्या आजारामुळे वहिनींना नाकारू शकत नाही आणि त्यांच्याकडून त्यासाठी जास्त हप्ताही घेऊ शकत नाही. वयाप्रमाणे हप्ता वाढतो, पण त्यालाही तिपटीची मर्यादा आहे. विमा मिळणारच नाही ही भीती जुनी आहे, ती काढून टाका. कितीला मिळेल आणि त्यात काय असेल, ही आजची काळजी आहे, आणि तिचा हिशेब मांडता येतो.

कोब्रा तुम्हाला माहीत असेलच : नोकरी सोडल्यावर हाच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण किंमत अधिक दोन टक्के स्वतः भरून. वरच्या सरासरीने धरलं तर महिन्याला २,१०० डॉलरच्या वर. तुमचा खरा आकडा त्या डीडीवरून काढा. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला निदान ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर तो विमा संपल्या दिवसापासून लागू धरला जातो. त्यामुळे मधल्या दिवसांत काही झालं तरी माणूस उघड्यावर पडत नाही, फक्त मागचे हप्ते भरावे लागतात. एक मात्र जपा : कोब्रा घेऊन मग कंटाळून तो वर्षाच्या मध्येच सोडला, तर एवढ्या कारणावर राज्याच्या विमा-बाजारात शिरता येत नाही, पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं.

तो बाजार म्हणजे गेट कव्हर्ड एनजे. नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवसांत तिथे नोंदणी करता येते, एरवी १ नोव्हेंबरपासून. सवलत वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर ठरते, आणि कन्सल्टिंगच्या पहिल्या वर्षी ते कमीच असतं. हे नियम काँग्रेस बदलत असते, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणाला काय मिळालं यावर जाऊ नका, यंदाचा आकडा बघा. विम्याशिवाय राहून बघू असा विचारही करू नका. वहिनींसाठी तो परवडणारा नाहीच, शिवाय न्यू जर्सीत त्याबद्दल राज्याच्या करात दंडही भरावा लागतो.

हप्त्याच्या आकड्यावर मात्र प्लॅन निवडू नका. आधी त्या प्लॅनच्या औषधांच्या यादीत वहिनींचं इंजेक्शन आहे का, किमतीच्या कुठल्या पायरीवर आहे, आणि त्यांचे संधिवाताचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का, हे बघा. डॉक्टरांच्या ऑफिसात विम्याचं काम बघणारी एक बाई असतेच. तिला फोन करून विचारा, "या इंजेक्शनला कुठल्या प्लॅनवाले त्रास देत नाहीत?" वेबसाइटवर तासन्‌तास घालवून जे कळणार नाही ते ती पाच मिनिटांत सांगते. मी स्वतः कित्येक कर्मचाऱ्यांना हाच मार्ग सांगितला. मग वर्षाचा हप्ता आणि प्लॅनची खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा, या दोन्हींची बेरीज करा. त्या इंजेक्शनपायी तुम्ही दरवर्षी त्या मर्यादेपर्यंत जाणार, असंच गृहीत धरा. ही बेरीज म्हणजे तुमच्या स्वातंत्र्याची वर्षाची किंमत. कन्सल्टिंगमधून तेवढे आणि घरखर्चाचे निघतील का, याचं उत्तर औषध उद्योगात २१ वर्षं काढलेल्या तुमच्याकडेच आहे. एक तरी ग्राहक लेखी होकार देत असेल तर मी निघा म्हणेन. नसेल तर आणखी सहा महिने द्या, पण ते ग्राहक शोधण्यात घालवा, कुढण्यात नको.

आणखी एक, वहिनींशी बोला. तुमच्या पत्रात त्या फक्त इंजेक्शन घेताना दिसतात. चार वर्षं आपला नवरा आपल्या सांध्यांमुळे अडकून पडलाय हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही, आणि ते ओझं त्यांच्या दुखण्याहून हलकं नसणार. हिशेबाचा कागद दोघांनी मिळून मांडा. फोन त्यांनाच करू द्या, डॉक्टरांच्या ऑफिसातली ती बाई त्यांच्याच ओळखीची असणार.

निघायचं ठरलं तर वर्षाच्या मध्ये निघू नका. नव्या प्लॅनमध्ये डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि एकाच वर्षात ते दोनदा भरणं जिवावर येतं. डिसेंबरात निघा, प्लॅन ३१ तारखेच्या आत निवडा, म्हणजे तो १ जानेवारीला सुरू होईल. आणि शेवटचा दिवस नोव्हेंबरच्या ३० ला ठेवण्यापेक्षा डिसेंबरच्या २ किंवा ३ तारखेला ठेवा. पुष्कळ कंपन्यांत विमा त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतो. तुमच्या कंपनीत तसा चालतो का, हे राजीनामा देण्याआधी प्लॅनच्या कागदात शोधा, सापडलं नाही तर एचआरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. चालत असेल तर वहिनींचं डिसेंबरचं इंजेक्शन जुन्या कार्डावरच येईल.